पैसे घेऊन केलेली पहिली जाहिरात: कुणाला दाखवायची, कधी, आणि विचारायचं काय

जाहिरातीचा पहिला कट, म्हणजे जोडून तयार केलेली आवृत्ती, तयार झाला की हात शिवशिवतात. कधी एकदा मित्रांच्या ग्रुपवर टाकतो असं होतं. टाकली की पाच मिनिटांत ‘कडक’, ‘भावा, विषय संपला’ आणि आगीच्या इमोजींची रांग लागते. छान वाटतं, वाटू द्या. पण त्या रांगेतून एकही कट सुधारत नाही. आणि पैसे घेतलेले असल्यामुळे कट सुधारणं आता तुमच्या हौसेचा प्रश्न राहिलेला नाही.

शॉर्टफिल्म तुमची असते. लोकांना कळली नाही तर ‘प्रेक्षक तयार नव्हता’ म्हणून मोकळं होता येतं. जाहिरातीत ती सोय नाही, कारण तिथे दुसऱ्याच्या पैशाने दुसऱ्याची वस्तू विकायची असते. त्यामुळे अभिप्राय मागतानाही ‘कशी वाटली?’ याच्या पलीकडे जावं लागतं. ते कसं करायचं याचा क्रम पुढे दिला आहे. उदाहरणासाठी एक काम धरून चालू: कोल्हापूरकडच्या एका छोट्या उत्पादकाच्या कांदा-लसूण मसाल्याची ३० सेकंदांची जाहिरात. इन्स्टाग्रामसाठी उभी, स्थानिक केबलसाठी आडवी, आणि मालकाच्या मनात असलं तर गावच्या थिएटरात मध्यंतरातही. उदाहरण काल्पनिक आहे, अडचणी मात्र नेहमीच्याच.

१. आधी परवानगी

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार, कुणाच्या सांगण्यावरून आणि मोबदला घेऊन फिल्म बनवली असेल आणि वेगळा करार नसेल, तर तिचा पहिला मालक ती बनवून घेणारा असतो. म्हणजे मसालेवाले काका. कॅमेरा तुमचा, एडिट तुमचं, तीन रात्रींचं जागरणही तुमचं. फिल्म काकांची.

शिवाय जाहिरात बाहेर येण्याआधी तिच्यात बऱ्याच गोष्टी गुपित असतात. नवं पाकीट, नवी किंमत, दिवाळीची ऑफर. तुम्ही ‘फीडबॅक प्लीज’ म्हणून उघड लिंक टाकलीत आणि ती शेजारच्या तालुक्यातल्या दुसऱ्या मसालेवाल्याने पाहिली, तर काका तुम्हाला पुढचं काम देणार नाहीत, आणि त्यात त्यांचं काही चुकणार नाही.

म्हणून एक साधा मेसेज करा: ‘काका, कटिंग झालं आहे. तुम्हाला पाठवण्याआधी माझ्या ओळखीच्या दोन-तीन जाणकारांना खाजगीत दाखवून घेऊ का? लिंकला पासवर्ड असेल.’ बहुतेक जण हो म्हणतात, उलट त्यांना बरं वाटतं. उत्तर लेखी असू द्या, व्हॉट्सॲपवरचं ‘चालेल’सुद्धा पुरतं. मध्ये एजन्सी असेल तर एजन्सीला विचारा, परस्पर क्लायंटला नको. गोपनीयतेच्या करारावर सही केली असेल तर तो आधी वाचून घ्या. जाहिरात प्रसारित झाल्यावर ती तुमच्या शोरीलमध्ये (कामाच्या नमुन्यांच्या व्हिडिओत) घालता येईल, हे वाक्य तर कोटेशनमध्येच टाकायचं असतं. नंतर मागायला गेलं की अवघडल्यासारखं होतं.

२. कटच्या वर ब्रीफची एक ओळ

ज्याला कट दाखवणार त्याला जाहिरातीचं काम काय आहे हे माहीत नसेल, तर तो स्वतःच्या आवडीनिवडी सांगत बसेल. ‘मला स्लो-मोशन आवडत नाही.’ बरं, मग?

एका वाक्यात ब्रीफ, म्हणजे जाहिरातीचं काम, लिहा: ही पाहून कुणी काय करावं? आपल्या उदाहरणात: ‘सांगली-कोल्हापूर सोडून पुण्या-मुंबईत नोकरीला गेलेल्या, घरी मसाला न करणाऱ्या माणसाने हे पाकीट मागवावं.’ हे वाक्य समोर असलं की चर्चेचा सूरच बदलतो. ‘आजीचा शॉट गोड आहे, पण मागवायचं कुठून ते कळलंच नाही’ असं कुणीतरी म्हणतं, आणि तो खरा अभिप्राय.

या ओळीखाली चार गोष्टी आणखी लिहा. कुठे दिसणार, आवाज बंद ठेवून पाहिली जाण्याची शक्यता किती, शूटला किती दिवस आणि किती माणसं होती, आणि काय बदलता येणार नाही. शेवटचं फार महत्त्वाचं. छोट्या उत्पादकाच्या जाहिरातीत बहुधा मालकाला स्वतः हात जोडून उभं राहायचं असतं. तुमच्या एफटीआयआयमधल्या (पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधल्या) मित्राला ते बघवणार नाही. पण तो शॉट राहणार आहे हे आधीच सांगितलं, तर अर्धा तास त्यावर वाया जात नाही. (आणि खरं सांगायचं तर गावात तोच शॉट चालतो. लोक पाकिटापेक्षा माणसाला ओळखतात.)

३. कुठला कट कुणाला

फिल्मच्या कामातल्या माणसांना रफ कट, म्हणजे कच्ची जोडणी, दाखवा. ग्रेडिंग (रंगकाम) नको, शेवटचं मिक्स (आवाजांची जुळणी) नको, व्हीओ (निवेदन) तुमच्याच आवाजात मोबाइलवर रेकॉर्ड केलेला चालेल. या टप्प्यावर शॉट काढणं, क्रम उलटवणं, आख्खा प्रसंग फेकून देणं स्वस्त असतं. रंग आणि आवाज होऊन बसले की तुम्हालाच ते जिवावर येतं आणि तुम्ही चुकीच्या कटची वकिली करू लागता.

सामान्य प्रेक्षकाला मात्र रफ कट दाखवू नका. ‘इथे रंग नंतर होणार’ हे त्याला डोळ्यांसमोर आणता येत नाही, आणि त्याने का आणावं? त्याच्यासाठी थोडा थांबा. रंग-आवाज बऱ्यापैकी झालेला फाइन कट हवा.

टेम्प म्युझिकबद्दल, म्हणजे तात्पुरत्या संगीताबद्दल, एक इशारा. रफ कटवर गाजलेल्या सिनेमाचं गाणं लावण्याचा मोह होतोच. लावलेला कट क्लायंटपर्यंत गेला की काका त्या गाण्याच्या प्रेमात पडतात, आणि नंतर कुठलंही दुसरं संगीत त्यांना पांचट वाटतं. ते गाणं जाहिरातीला वापरायचं तर म्युझिक कंपनीकडून रीतसर हक्क घ्यावे लागतात, आणि ती रक्कम तुमच्या आख्ख्या बजेटला लाजवेल. ‘इन्स्टावर तर सगळे वापरतात’ हे उत्तर चालत नाही. तिथली लोकप्रिय गाणी धंद्याच्या जाहिरातीसाठी दिलेली नसतात.

दाखवण्याआधी लांबी मोजा. टीव्हीवर जाहिरातीची वेळ साधारण १० सेकंदांच्या पटीत विकली जाते. २५ एफपीएसला, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम धरून, ३० सेकंद म्हणजे ७५० फ्रेम. तुमचा कट ३३ सेकंदांचा असेल आणि सगळे तो छान म्हणाले, तर ते जी जाहिरात कधी लागणारच नाही तिला छान म्हणालेत.

४. लिंक आणि फाइल

व्हॉट्सॲपवर थेट व्हिडिओ टाकला तर तो दाबला जाऊन चिखल होतो. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. त्याहून बरं म्हणजे पासवर्ड घातलेली विमिओची लिंक, किंवा फ्रेम.आयओसारखी सोय, जिथे पाहणारा नेमक्या फ्रेमवर टिप्पणी लिहू शकतो. यूट्यूबची अनलिस्टेड लिंक खाजगी नसते. ती ज्याच्या हाती पडेल तो पाहू शकतो आणि पुढेही ढकलू शकतो.

चित्रावर कोपऱ्यात टाइमकोड, म्हणजे सेकंद-फ्रेमचं घड्याळ, छापा. दा विंची रिझॉल्व्हमध्ये ‘डेटा बर्न-इन’ नावाने ही सोय आहे, इतर सॉफ्टवेअरमध्येही असते. टाइमकोड असला की ‘ते मधलं, मिरची पडते ना, त्याच्या जरा आधी’ ऐवजी ‘१४ सेकंद ८ फ्रेम’ असं ऐकायला मिळतं. फाइलच्या नावात जाहिरात, लांबी, आवृत्ती, तारीख हवी. ‘फायनल’ हा शब्द फाइलच्या नावात वापरूच नका, कारण त्याच्यामागून ‘फायनल नवा’ येतो आणि मग ‘फायनल नवा खरा’.

५. माणसं निवडणं

तीन प्रकारची माणसं लागतात आणि त्यांची सरमिसळ करायची नाही.

पहिली, ज्यांना काहीच माहीत नाही ती. मेसवाल्या काकू, रूममेटचा भाऊ, शेजारचे निवृत्त मास्तर. त्यांच्या हातात फोन द्या, एकदाच दाखवा, आधी काही सांगू नका. वरची ब्रीफची ओळ यांना दाखवायची नाही. संपल्यावर फोन काढून घ्या आणि विचारा: कशाची जाहिरात होती? नाव काय होतं? काय लक्षात राहिलं? बस्स. ‘आवडली का?’ विचारलंत तर ‘हो, छान आहे’ हेच उत्तर येणार, आपल्याकडे तोंडावर वाईट बोलत नाहीत. दाखवत असताना स्क्रीनकडे नको, त्यांच्या चेहऱ्याकडे पाहा. नजर कुठे हलली ती जागा मनात टिपून ठेवा. नाव विचारल्यावर तिघांनी तीन वेगळी नावं सांगितली, किंवा एखाद्या मोठ्या कंपनीचं नाव सांगितलं, तर तुम्ही फुकटात त्या कंपनीची जाहिरात केली आहे.

दुसरी, कामातली. एक एडिटर आणि एक आवाजाचं काम करणारा मिळाला तरी खूप झालं. दहा दिग्दर्शक नकोत. प्रत्येक जण स्वतःची जाहिरात सांगेल.

तिसरी माणसं कुणाला सुचतच नाहीत: त्या वस्तूच्या धंद्यातली किंवा घरी ती वस्तू करणारी. मसाल्याची जाहिरात असेल तर दर उन्हाळ्यात वर्षाचा मसाला करणाऱ्या बाईला दाखवा. ती दोन सेकंदांत सांगेल की कांदा असा ओला घालत नाहीत, तो आधी परतून घेतात, खोबरं इतकं काळं भाजलं तर मसाला कडू होतो, आणि तुम्ही कॅमेऱ्यासमोर ओतलेली मिरची ब्याडगी आहे, नुसत्या तिच्यावर रंग येईल पण ठसका येणार नाही. तुमच्या एडिटर मित्राला यातलं काही दिसणार नाही. ग्राहकाला मात्र दिसेल. भाषेचंही तसंच. पुण्यातल्या नटाला दोन ‘लई भारी’ बोलायला लावलं म्हणून कोल्हापुरी होत नाही, आणि कोल्हापूरचा माणूस पहिल्या वाक्याला ओळखतो.

सगळ्यांना एकाच ग्रुपवर टाकू नका. पहिला जे म्हणेल त्याच्याच मागे बाकीचे जातात. एकेकट्याला विचारा.

६. जाणकाराला पाठवायचा मेसेज

वेळ असलेला जाणकार ही दुर्मीळ गोष्ट आहे, तेव्हा त्याचं काम सोपं करा. साधारण असा मेसेज:

‘दादा, नमस्कार. पैसे घेऊन केलेली माझी पहिली जाहिरात आहे, ३० सेकंद, कांदा-लसूण मसाला. क्लायंटची परवानगी घेऊन पाठवतोय, कृपया पुढे पाठवू नका. पुण्या-मुंबईतल्या कोल्हापूरकडच्या माणसाने पाकीट मागवावं हा उद्देश. हा रफ कट आहे, व्हीओ माझ्याच आवाजात, रंग बाकी. मालकाचा शेवटचा शॉट राहणार आहे. तीन गोष्टी विचारायच्या होत्या: पहिल्या ३ सेकंदांत थांबावंसं वाटतं का? १० ते १८ मध्ये आजी आणि डबा हे नातं कळतं का? पॅक शॉट वाचायला पुरतो का? शुक्रवारपर्यंत वेळ झाला तर फार मदत होईल. नाही जमलं तरी काही हरकत नाही.’

(पॅक शॉट म्हणजे पाकीट आणि नाव दाखवणारा शॉट.) नेमका प्रश्न विचारला की नेमकं उत्तर येतं. तारीख दिली की उत्तर निदान येतं. आणि विचारलेल्या प्रश्नांबाहेरचं काही त्याने सांगितलं तर ते आधी वाचा.

७. ऐकण्याची रीत

समजावून सांगायचं नाही. ‘नाही, त्याचं काय आहे ना, त्या दिवशी पाऊस होता’ हे वाक्य गिळा. जाहिरात लागेल तेव्हा तुम्ही प्रत्येकाच्या घरी सोफ्यावर जाऊन बसणार नाही आहात. जे सांगतील ते, त्यांच्याच शब्दांत, टाइमकोडसकट वहीत लिहून घ्या.

मग वही घेऊन एकट्याने बसा. अभिप्राय देणारा माणूस दुखतं कुठे ते बरोबर सांगतो, औषध मात्र बहुतेक वेळा चुकीचं सांगतो. ‘१४व्या सेकंदाला रेंगाळतं, तो शॉट उडवा’ असं आलं तर शॉट लगेच उडवू नका. कदाचित आजी कोण आहे हे ५व्या सेकंदाला कळलंच नव्हतं, म्हणून १४व्याला कंटाळा आला. तिथे आजीचा एक क्लोजअप आधी घातला की रेंगाळणं आपोआप जातं. कामातला आणि कामाबाहेरचा माणूस, दोघेही एकमेकांना न भेटता एकाच जागी अडखळले, तर तिथे काहीतरी आहेच. तुम्हाला पटो न पटो, दुरुस्त करा. दोघांची मतं एकमेकांच्या विरोधात असतील तर ब्रीफच्या ओळीकडे जा आणि निकाल तिच्याकडून घ्या. एकट्यादुकट्याची आवडनिवड असेल तर वाचा, आभार माना, सोडून द्या.

८. लोक सांगणार नाहीत, तुम्हालाच पाहावं लागेल

काही दोष प्रेक्षकाला जाणवतात, पण नाव घेऊन सांगता येत नाहीत. तो फक्त ‘काहीतरी स्वस्तातलं वाटतंय’ म्हणतो.

दिव्यांची फडफड. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे ट्यूबलाइट आणि हलके एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. २५ एफपीएसला शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवलं तर ते दिसत नाही. ३० एफपीएस आणि १/६० वर शूट केलं असेल तर दुकानातल्या शॉटमध्ये पट्टे सरकताना दिसतील. प्लगइनने काही अंशी सुटतं, पुढच्या वेळी कॅमेऱ्यातच सोडवा.

तिखटाचा लाल. हा मसाल्याच्या जाहिरातीतला खरा शत्रू. लाल चढवत नेला की एका हद्दीनंतर तिखटाचे कण दिसेनासे होतात आणि नुसता सपाट लाल ठिपका उरतो. त्यात मोबाइलवर जाणाऱ्या व्हिडिओत रंगाची माहिती सहसा चित्राच्या एक चतुर्थांश तपशिलानेच साठवली जाते, त्यामुळे लाल पाकिटाच्या कडा फाटल्यासारख्या होतात. ग्रेड झाल्यावर साध्या ॲन्ड्रॉइड फोनवर पाहा. आणि प्रत्यक्ष मसाल्याचा डबा शेजारी ठेवून पाहा. पाकिटातून निघणाऱ्या मसाल्यापेक्षा पडद्यावरचा जास्त लाल असेल तर ती फसवणूकच होते.

देवनागरी अक्षरं. ‘दुसऱ्या’, ‘पुऱ्या’ यांतला ऱ्या तुटतो, वेलांटी भलत्या अक्षरावर बसते. ॲडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकुराचं इंजिन ‘साऊथ एशियन’ला बदलावं लागतं, तेव्हा जोडाक्षरं नीट बसतात. फॉन्टचा परवाना पाहा. मुंबईच्या एक टाइपचा मुक्त परवान्याचा ‘मुक्ता’ आहेच, चोरीचा फॉन्ट वापरायचं काही कारण उरत नाही. शुद्धलेखन मराठीच्या शिक्षकाकडून तपासून घ्या, ॲपकडून नको.

उभ्या आवृत्तीत खालच्या भागात इन्स्टाग्रामची बटणं आणि कॅप्शन येतात. फोन नंबर तिथे ठेवलात तर तो झाकला जाणार. आवाजाची पातळी −१४ एलयूएफएसच्या (आवाजाचा मोठेपणा मोजायचं एकक) वर असेल तर यूट्यूब ती साधारण तिथवर खाली आणतं, तर टीव्हीसाठी −२३ हे बऱ्याच देशांत वापरलं जाणारं माप आहे. एकच मिक्स दोन्हीकडे पाठवू नका, चॅनेलकडून त्यांच्या तांत्रिक अटी लेखी मागवा.

आणि दावे. खाद्यपदार्थांच्या जाहिरातींसाठी एफएसएसएआयचे (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे) २०१८ चे नियम आहेत. ‘नैसर्गिक’, ‘शुद्ध’, ‘पारंपरिक’, ‘अस्सल’ असे शब्द त्यात अटींनी बांधलेले आहेत, आणि मसाल्याच्या जाहिरातीत हेच तर शब्द असतात. ‘महाराष्ट्रात नंबर १’ म्हणायचं तर पुरावा हवा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दाव्याखालची सूचना दाव्याच्याच भाषेत हवी, म्हणजे मराठी दाव्याखाली इंग्रजीत बारीक ओळ चालत नाही. असे शब्द दिसले की क्लायंटकडून लेखी दुजोरा घ्या. थिएटरात दाखवायची असेल तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं, त्याचा वेळ आधीच धरा.

९. क्लायंटच्या फेऱ्या

जाणकारांचा अभिप्राय जसाच्या तसा क्लायंटला कळवू नका. ‘आमच्या सरांना संथ वाटली’ हे ऐकलं की काकांनाही ती संथ वाटू लागते. तुम्ही दुरुस्त करा आणि दुरुस्त केलेला कट दाखवा, जमलं तर समोर बसून.

कोटेशनमध्ये बदलांच्या दोन फेऱ्या लिहा, तिसरीला वेगळे पैसे. क्लायंटकडून एकाच माणसाने सगळे बदल गोळा करून द्यायचे, हेही लिहा. नाहीतर काका, काकांचा मुलगा, मुलाचा एमबीए मित्र आणि पुण्याचे जावई, सगळे रात्री अकराला वेगवेगळे व्हॉइस मेसेज पाठवतात. ‘लोगो मोठा करा’ आलं की हसू नका. इथेही दुखणं खरं असू शकतं: नाव लक्षात राहत नाहीये. मेसवाल्या काकूंनी नाव सांगितलं होतं का ते वहीत पाहा. नसेल सांगितलं, तर लोगो तेवढाच ठेवून व्हीओत नाव आणखी एकदा आणा, किंवा पॅक शॉट अर्धा सेकंद वाढवा, आणि त्यांना दाखवा. शेवटचा हप्ता हातात येईपर्यंत वॉटरमार्क काढायचा नाही.

१०. बाहेर आल्यावर

ज्यांनी वेळ दिला त्यांना प्रसारित झालेली लिंक पाठवा आणि त्यांच्या सांगण्यावरून नेमकं काय बदललं ते एका ओळीत लिहा. पुढच्या वेळी ते आपणहून विचारतील.

प्रोजेक्ट बंद करण्याआधी अक्षरं नसलेला मास्टर (पूर्ण झालेली मूळ फाइल), व्हीओ, संगीत आणि इफेक्ट यांचे वेगवेगळे ट्रॅक, वापरलेले फॉन्ट आणि त्यांचे परवाने, कलाकारांच्या सह्या, हे सगळं दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा. दिवाळीच्या आधल्या आठवड्यात काकांचा फोन येणार आहे: किंमत बदललीये, आणि तीच जाहिरात १० सेकंदांत बसवून उद्या सकाळी हवी आहे.